एका तिकिटात दोन पडदे

‘विकेड, विकेड’ (१९७३) हा एमजीएमचा खूनपट जवळजवळ पूर्ण वेळ दुभागलेल्या पडद्यावर चालतो. या तंत्राचं नाव ‘ड्युओ-व्हिजन’. एका बाजूला हॉटेलातली बेसावध पाहुणी, दुसऱ्या बाजूला दबा धरून बसलेला मुखवट्यातला खुनी. कधी पात्र थाप मारत असतं आणि शेजारच्या चौकटीत खरं काय घडलं ते उलगडतं. मला तर ही दुसरी करामतच जास्त अस्सल वाटते. दिग्दर्शक रिचर्ड एल. बेअर. चित्रीकरण कॅलिफोर्नियातल्या हॉटेल डेल कोरोनाडोमध्ये, १८८८ साली उघडलेल्या त्या अवाढव्य लाकडी वास्तूत. ‘सम लाइक इट हॉट’ या चित्रपटातलं समुद्रकाठचं हॉटेल तेच. पार्श्वसंगीताला १९२५च्या ‘द फँटम ऑफ द ऑपेरा’ या मूकपटाचे ऑर्गनचे सूर घेतले आहेत.