ढगांआडचा खरीप

उपग्रह डोक्यावरून किती वेळा जातो, यावरून आपण त्याची उपयुक्तता जोखतो. युरोपच्या सेंटिनेल-२ मालिकेतले दोन उपग्रह मिळून दर ५ दिवसांनी त्याच शिवाराचे चित्र घेतात. म्हणजे जून ते सप्टेंबरच्या १२२ दिवसांत साधारण २४ फेऱ्या. पण हे कॅमेरे पिकावरून परतलेला सूर्यप्रकाश टिपतात, आणि दाट ढग तो अवरक्त किरणांसकट अडवतो. विरळ ढगाखाली रंग फसवे होतात, ढगाच्या सावलीत निरोगी पीकही काळवंडलेले दिसते. महाराष्ट्रात ढग आणि गरज एकाच महिन्यांत येतात, हे खरे दुखणे. सोयाबीन, कापूस, भात वाढतात पावसाळ्यात, नद्यांना पूर येतात तेही तेव्हाच. रब्बीत आभाळ निवळते, पण तोवर खरिपाचा निकाल लागलेला असतो.

उपग्रह वाढवले की भागेल, असे कुणी म्हणेल. ढग फाशासारखे दर वेळी नव्याने पडत असते, तर ते खरे होते. संततधार लागली की आठवडाभर उघडीप नसते. त्या आठवड्यात ५ फेऱ्या झाल्या तरी ५ पांढरी चित्रे मिळतात. अनेक दिवसांच्या चित्रांतले स्वच्छ तुकडे जोडून एक चित्र बनवता येते, आणि जंगलाच्या नकाशाला ते पुरते. चार दिवसांत ओसरणारा पूर मात्र त्या सांध्यांतून निसटतो.

दुसरे उत्तर अधिक वजनदार आहे: रडार. भारताचा फेब्रुवारी २०२२ मधला रडार उपग्रह ईओएस-०४ किंवा जुलै २०२५ मध्ये झेपावलेला भारत-अमेरिकेचा संयुक्त निसार स्वतःच्या सूक्ष्मलहरी सोडतो, त्या ढगांतून पार जातात, रात्रीही. शांत पाण्यावरून त्या दुसरीकडे परावर्तित होतात, म्हणून उघड्या रानातला पूर काळा, स्पष्ट उमटतो. हे मोठेच यश आहे. पण ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात झाले तसे पाणी वस्तीत शिरले, की भिंतींवरून परतलेल्या लहरी चित्र उजळ करतात आणि पूर ओळखणे अवघड होते. पानाचा रंग तर रडारला कळतच नाही. काढणीच्या पावसात सोयाबीनच्या शेंगांना कोंब फुटले, तर रडार रान ओले आहे एवढेच सांगेल. तिथे बांधावर जाऊन केलेला पंचनामाच लागतो. आणि नुकसानीच्या नकाशावर ‘नुकसान आहे’, ‘नुकसान नाही’ यांच्या जोडीला तिसरा रंग हवा: ‘ढगांमुळे दिसले नाही’. आज न दिसलेले शेत शाबूत धरले गेले, तर त्याची किंमत शेतकरी मोजतो.