चौथं काडतूस आणि धानाची बांधी

धान निसवायला लागलं की लांजीच्या आसपासच्या बांध्यांत रानडुकरं उतरतात. बालाघाट जिल्ह्याचा हा कोपरा जंगलाला चिकटलेला आहे, पलीकडे गोंदियातलं सालेकसाही तसंच. अशा मुलखात परवान्याच्या बाराबोर बंदुकीत किती काडतुसं मावतात, यावर चर्चा होणारच. दुनळीत दोनच. पंप ॲक्शन बंदुकीत मात्र बॅरलच्या खाली दुसरी नळी असते. तिच्यात काडतुसं एकामागे एक बसतात आणि पुढच्या टोकाची स्प्रिंग त्यांना मागे रेटते. जॉन ब्राउनिंगने आखलेल्या १८९७ च्या विंचेस्टरपासून ही रचना फारशी बदललेली नाही. मग ही नळीच लांब केली तर? माझ्या मते पिकाच्या राखणीत हा प्रश्नच चुकीच्या जागी विचारला जातो, कारण तिथे काडतुसं संपत नाहीत, वेळ आणि अंतर संपतं.

साधा हिशेब करून पाहू. बिथरलेलं डुक्कर ताशी ४० किलोमीटरने पळतं, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. पहिला बार २५ मीटरवर झाला असं धरा. धक्क्याने वर उसळलेली बंदूक खाली आणायची, पंप ओढायचा, अंधारात पुन्हा नेम धरायचा, याला सरावलेल्या माणसालाही सेकंदभर लागतो. दुसऱ्या बाराला जनावर ३६ मीटरवर, तिसऱ्याला ४७, चौथ्याला ५८. आता छर्ऱ्यांकडे बघा. पूर्ण चोक असलेल्या, म्हणजे तोंडाशी आवळलेल्या बॅरलमधूनही ४० यार्डांवर, म्हणजे साधारण ३७ मीटरवर, सुमारे ७० टक्केच छर्रे ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतात. चोक नसेल तर ४० टक्क्यांच्या आसपास. पुढे ते विरळ होतात, वेगही गमावतात. चौथं काडतूस जनावराला मारत नाही. फार तर जखमी करतं, आणि जखमी डुक्कर शोधत सकाळी जंगलकाठाला जाण्याची वेळ राखणदारावरच येते. शिवाय तीन काडतुसं वाढवली की नळी तेवढी लांबते आणि वजन नेमकं पुढच्या टोकाला पडतं, जिथे ते वळायला सगळ्यात जड जातं. लांब स्प्रिंगचं दुखणं वेगळंच: शेवटचं काडतूस ढकलण्यापुरता जोर तिच्यात उरला पाहिजे आणि नळी भरताना तीच स्प्रिंग अंगठ्याला झेपलीही पाहिजे. पावसाळी ओलीत, चिखलात ती आधी तिथेच दगा देते.

कळपात दहा डुकरं असतील तर जास्त बार उपयोगी नाहीत का, असं कुणी म्हणेल. पण पहिल्याच आवाजाला कळप फुटतो, दहाही दहा दिशांना. वरचं अंतराचं गणित प्रत्येकाला लागू पडतं. नेमबाजीच्या काही स्पर्धांत लांब नळ्या वापरतात हे खरं, मात्र तिथली लक्ष्यं जवळ असतात आणि पळून जात नाहीत. कायद्याचं सांगायचं तर १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार हत्यार बनवणं, बदलणं किंवा दुरुस्त करणं याला वेगळा परवाना लागतो. गावातल्या लोहाराकडून नळी जोडून घेण्याचा विषय तिथेच मिटतो. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर रानडुकराबद्दल दाद मागायची वाट वन्यजीव अधिनियमाच्या कलम ११ मधून, परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत जाते.

खरा आक्षेप याहून अवघड आहे. जास्तीची काडतुसं एवढी निरुपयोगी असतील, तर अमेरिकेने १९३५ मध्ये स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंदुकीत तीनच काडतुसं ठेवण्याची अट का घातली? (ती पाळायला नळीत चक्क एक लाकडी खुंटी बसवत.) उत्तर बदकांच्या वागण्यात आहे. ती थव्याने, पाण्याकडे, शिकाऱ्याच्या डोक्यावरूनच उतरतात. आणि दुष्काळाने आधीच घटलेल्या थव्यांवर लाखो बंदुका रोखलेल्या होत्या. ती अट एकूण बेरजेला लगाम होती. एका शिकाऱ्याच्या चौथ्या बाराची किंमत तिने ठरवली नव्हती. बेरीज किती भयंकर असते ते पाहायला लांजीकरांना अमेरिकेला जायला नको. याच जिल्ह्यात काही भाग असलेल्या कान्हात १९७० साली बारशिंगे उरले होते अवघे ६६. गवताळ मैदानं आक्रसली होती, शिकारही झाली होती, आणि पीकसंरक्षणाच्या नावाने दिलेल्या बंदुका त्या काळी बहुतेक एकनळी किंवा दुनळीच होत्या.