घर घेण्याआधी कागद आणि पाणी, दोन्ही पाहा

आपल्याकडे घर एकट्याच्या पैशांनी होत नाही. वडिलांचा फंड, आखातात राबणाऱ्या मुलाची बचत, सुनेचे दागिने, आणि व्याज नको म्हणून नातलगांकडून घेतलेले हातउसने पैसे, सारे त्यात जातात. म्हणून एक घर अडचणीत आले की चार घरांची चूल मंदावते.

ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी 57 फुटांवर गेले. धोक्याची पातळी 45 फूट आहे. महाबळेश्वर आणि कोयनेचा पाऊस साताऱ्यातून येतो, सांगलीत पसरतो. श्यामरावनगरसारख्या सखल वस्त्यांना त्याची झळ मोठी. तिथे लोकांनी घरे का बांधली? जागा परवडली म्हणून. एक गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. शेतजमिनीचे असे तुकडे नोटरीच्या कागदावर विकले गेले. सातबाऱ्यावर नाव नाही, बांधकाम परवाना नाही, मग बँकही दारात उभी करत नाही. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने ही घरे नियमित करण्याची वाट दिली. 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे त्यात आली. पण कागद नियमित झाला म्हणून जमीन उंच होत नाही. म्हणून जागा घेण्याआधी ती पूररेषेच्या आत आहे का, हे पाटबंधारे विभागात विचारा. निळ्या रेषेच्या आत तर घराचा विचारच नको.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी 1 मे 2017 पासून महारेरा आहे. नोंदणी झालेल्या प्रकल्पात ग्राहकांच्या पैशांपैकी 70 टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. नोंदणीकृत करारापूर्वी बिल्डरला 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. पण आपण ‘आपल्यातलाच माणूस आहे’ म्हणून रोख देतो, पावतीही मागत नाही. काम रखडले की तक्रारीला पुरावा उरत नाही. कुरआनातील सर्वांत मोठी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदार ठेवण्याविषयी आहे. लिहून मागणे म्हणजे अविश्वास नव्हे; नाते टिकवण्याचा तोच मार्ग आहे. नातलगांचे हातउसनेही असेच लिहून ठेवावेत.

आणि जिचे दागिने मोडले, तिचे नाव खरेदीखतावर आहे का? महाराष्ट्रात महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळते. बयाणा देण्याआधी एक संध्याकाळ सारे घर एकत्र बसवा, कागद मधोमध ठेवा. त्या बैठकीत घरातल्या बायकांनाही बोलू द्या.