चक्का: एका शब्दाने उलगडलेले गणित

रासायनिक अभियांत्रिकी शिकवणाऱ्या एका स्नेह्यांनी गाळणयंत्रावरच्या कामगारांसाठी पुस्तिका लिहिली आणि भाषा तपासण्यासाठी ती माझ्याकडे दिली. तीत जागोजागी ‘निस्यंदन-अवशेष’ असा शब्द होता. मी साहित्याचा अध्यापक, अर्थ विचारला. ते म्हणाले, “श्रीखंडासाठी दही टांगल्यावर फडक्यात काय उरतं?” “चक्का,” मी म्हणालो. “तेच ते.” मग पुस्तिकेत ‘चक्का’च ठेवला.

पुढचे गणितही मला याच शब्दाने समजले. बारीक कण असलेला राडा दाबाने कापडातून ढकलला की पाणी पलीकडे जाते, कण अडतात. गाळण्याचे काम कापड करते असे आपल्याला वाटते. पण ते सुरुवातीपुरतेच. कणांचा थर बसला की तो थरच पुढचे कण अडवतो. गाळच गाळणी होतो! मात्र थर जाड होत जातो, तसा पाण्याला होणारा रोधही वाढतो.

फ्रान्समधील दिजाँ शहराच्या पाणीपुरवठ्यावर काम केलेल्या आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये वाळूच्या थरातून पाझरणाऱ्या पाण्याचा नियम मांडला: थर दुप्पट जाड केला तर प्रवाह निम्मा होतो. हा नियम वाढत्या चक्क्याला लावला, की स्थिर दाबासाठी छोटे समीकरण मिळते:

का = अ × घ² + ब × घ

‘का’ म्हणजे लागलेला काळ, ‘घ’ म्हणजे गाळून आलेल्या पाण्याचे घनफळ. ‘अ’मध्ये चक्क्याचा रोध आहे, ‘ब’मध्ये कापडाचा. कापडाचा वाटा किरकोळ असेल, तर दुप्पट पाणी गाळायला सुमारे चौपट वेळ लागतो. कणांचा व्यास एक-दशांश झाला, बाकी सारे तसेच राहिले, तर चक्क्याचा रोध सुमारे शंभरपट होतो. बारीक कणांची अडचण ती हीच.

मग दाब वाढवावा का? कण वाळूसारखे टणक असतील, तर दुप्पट दाबाने वेळ निम्मा होतो. पण मऊ, चिकणमातीसारखा चक्का स्वतःच दबतो. कापडालगतचा थर सर्वांत जास्त आवळला जातो आणि पाण्याच्या वाटा बुजतात. रोध दाबाच्याच प्रमाणात वाढू लागला, तर जादा दाबाने वेग जवळजवळ वाढतच नाही.

इथेच माझी चूक झाली होती. मूळ वाक्य होते, “चक्का दबणारा नसल्यास दाब वाढवल्याने गाळण जलद होते.” सुटसुटीत करण्याच्या भरात मी पहिले तीन शब्द गाळले. वाक्य गोंडस झाले, पण खोटे. स्नेह्यांनी ते शब्द परत घातले.

आमच्या बेळगावात अ‍ॅल्युमिनाचा कारखाना आहे. बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढल्यावर अतिशय बारीक कणांचा, अल्कधर्मी तांबडा चिखल उरतो. ४ ऑक्टोबर २०१० रोजी हंगेरीतील आयका येथे अशा चिखलाच्या तळ्याचा बांध फुटला आणि दहा माणसे गेली. चिखल चांगला पिळून घट्ट चक्का केला, तर तो तळ्यात साठवण्याऐवजी रचून ठेवता येतो. यंत्रावर उभा असलेला माणूस दाब किती ठेवायचा हे पुस्तिकेतून शिकणार असेल, तर त्याला कळणारा शब्द हवाच. पण सोपेपणाच्या नादात ‘नसल्यास’सारखी अट गळता कामा नये.