भाडं दीडपट, पण कोणाच्या खिशात?

शहराचा प्रवास : भाग ७

१ जून २०१५ रोजी मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं २१ रुपयांवरून २२ रुपये झालं. त्यानंतरची वाढ आली थेट १ मार्च २०२१ रोजी. मधल्या पावणेसहा वर्षांत सीएनजीचा दर बदलला, विम्याचा हप्ता बदलला, टायर महागले, मीटर मात्र २२ वरच उघडत राहिला. त्याच रस्त्यांवर त्याच वर्षांत ओला-उबरच्या गाड्या धावत होत्या आणि त्यांचं भाडं दर काही मिनिटांनी हलत होतं.

मीटरचा दर सरकार कसं ठरवतं, ते मागच्या भागात पाहिलं. आज ॲपच्या भाड्याकडे वळू. ‘सर्ज लागलाय’ हे वाक्य आता शहरात सगळ्यांच्या तोंडी आहे. एखाद्या भागात गाडी मागणारे वाढले आणि रिकाम्या गाड्या कमी पडल्या की ॲप तिथलं भाडं सव्वापट, दीडपट करतं. ज्याला घाई नाही तो थोडा थांबतो, आणि जास्त पैसे दिसल्यावर आणखी चालक तिकडे वळतात. एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण यामागचं तिसरं कारण फारसं सांगितलं जात नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

समजा, चालकाला जवळचं भाडं मिळालं. ४ मिनिटांत तो प्रवाशापर्यंत पोचला आणि प्रवास १५ मिनिटांचा झाला. म्हणजे तासाला तीन भाडी. आता गर्दीची वेळ घ्या. जवळच्या गाड्या संपल्या, म्हणून ॲप १५ मिनिटांच्या अंतरावरची गाडी पाठवतं. प्रवास तेवढाच, पण तासाला भाडी दोनच. गाड्यांची संख्या तीच राहिली, तरी शहराला मिळणाऱ्या फेऱ्या एक तृतीयांशानं घटल्या. उरलेला वेळ रिकाम्या गाडीनं प्रवाशाला गाठण्यात गेला. फेऱ्या घटल्या की थांबलेले प्रवासी वाढतात, मग आणखी लांबून गाड्या बोलवाव्या लागतात आणि फेऱ्या आणखी घटतात. हुआन कामिलो कास्तिय्यो, डॅन नेप्फल आणि ग्लेन वाइल या अर्थतज्ज्ञांनी २०१७ मध्ये हे दुष्टचक्र गणितानं मांडलं. भाडं वेळेवर वाढवलं तर काही गाड्या मोकळ्या राहतात आणि चक्र सुरूच होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. गर्दीत ॲप ‘गाडी १८ मिनिटांवर’ असं दाखवतं आणि मग चालकच ती फेरी रद्द करतो, हा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना हे गणित लगेच पटेल. १८ मिनिटं फुकट गाडी हाकणं त्याला परवडत नाही.

सर्ज कामी येतो, याचा एक पुरावा न्यूयॉर्कमधल्या एका अभ्यासात सापडतो. २१ मार्च २०१५ रोजी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एरियाना ग्रांडेचा कार्यक्रम सुटला, तेव्हा उबरचं ॲप उघडणारे नेहमीच्या चौपट झाले. भाडं वाढलं, त्या भागातले चालक दुप्पट झाले आणि गाडी मागणाऱ्यांना ती मिळत राहिली. त्याच वर्षाच्या पहिल्या पहाटे, नववर्षाच्या गर्दीत, सर्जची यंत्रणाच २६ मिनिटं बंद पडली होती. त्या वेळात चौघांतल्या एकालाही धड गाडी मिळाली नाही. हा अभ्यास करणाऱ्यांत उबरचे कर्मचारी होते, हे लक्षात ठेवूनच तो वाचायला हवा. तरी त्यातली तुलना मोलाची आहे.

पण मुंबईच्या पावसात हे सगळं लागू पडतं का? माझं उत्तर, नाही. गाणं संपल्यावर न्यूयॉर्कचे रस्ते उघडे होते, चालक येऊ शकत होते. हिंदमाताला गुडघाभर पाणी, मिलन सबवे बंद आणि लोकल ठप्प असताना दीडपट काय, चौपट भाडं दाखवलं तरी गाडी येणार कुठून? पुरवठा वाढूच शकत नाही, तेव्हा वाढीव भाडं एकच काम करतं: आहेत त्या गाड्या कोणाला मिळाव्यात, ते पाकिटाच्या जाडीवर ठरवतं. रुग्णालयातून सुटून घरी निघालेली परिचारिका आणि कंपनीच्या खर्चानं फिरणारा अधिकारी यांची गरज मग एका तराजूत तोलली जात नाही. सिडनीत डिसेंबर २०१४ मध्ये कॅफेत ओलीसनाट्य सुरू असताना आपोआप भाडं वाढलं आणि उबरला पैसे परत करावे लागले. आपत्तीत सर्ज बंद ठेवणं ही सक्ती असायला हवी, कंपनीची मेहेरबानी नव्हे.

दुसऱ्या बाजूलाही तेवढ्याच कठोरपणे पाहू. मीटर स्थिर असला म्हणजे टंचाई नाहीशी होत नाही. ती ‘नाही जाणार’ या दोन शब्दांत बाहेर पडते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार भाडं नाकारणं गुन्हा आहे. तरी संध्याकाळी दादर स्टेशनाबाहेर कोणत्या दिशेचं भाडं घ्यायचं, हे चालकच ठरवतो. खरं तर वेळेनुसार भाडं ही कल्पना काळ्या-पिवळीला परकी नाही. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत २५ टक्के जास्त भाडं कायदेशीरच आहे, आणि ते आधीपासून सगळ्यांना माहीत असल्यामुळे त्यावर कोणी भांडत नाही.

स्पर्धेचा प्रश्न सर्जपेक्षा स्वस्ताईतून जास्त उभा राहिला. सुरुवातीच्या वर्षांत ॲप कंपन्यांनी गुंतवणूकदारांच्या पैशांतून प्रवाशांना सवलती आणि चालकांना भरघोस इन्सेंटिव्ह दिले. मीटरवाल्याला भाडं वाढवायची मुभा नव्हतीच, पण त्या स्वस्ताईशी टक्कर देण्याइतकी पुंजीही नव्हती. उबरच्या दिल्ली परिसरातल्या व्यवसायाबाबत मेरू या टॅक्सी कंपनीनं स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, आणि ३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं उबरला प्रत्येक फेरीमागे २०४ रुपये तोटा होत असल्याच्या आरोपाची नोंद घेऊन चौकशीचा मार्ग मोकळा ठेवला. २०२१ मध्ये आयोगानं ते प्रकरण बंद केलं. तोवर बाजाराचं रूप बदलून गेलं होतं. इन्सेंटिव्हच्या भरवशावर कर्ज काढून गाड्या घेतलेल्या चालकांचं इन्सेंटिव्ह आटलं, हप्ते मात्र चालूच राहिले. ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबईत ओला-उबरचे चालक दीर्घ संपावर गेले ते याच कोंडीतून. मीटरवाल्याला ज्यांनी मागे टाकलं, तेच आता मीटरसारखा हमीचा दर मागत होते.

आता नियमांकडे येऊ. केंद्रानं नोव्हेंबर २०२० मध्ये वाढीव भाड्याला मूळ भाड्याच्या दीडपट मर्यादा घातली, जुलै २०२५ मध्ये ती मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत वाढवली. महाराष्ट्रानं मे २०२५ च्या धोरणात दीडपटच ठेवली. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईत ॲप कॅबचं मूळ भाडं किलोमीटरला २२.७२ रुपये ठरलं, म्हणजे वरची मर्यादा ३४ रुपयांच्या आसपास. काळ्या-पिवळीचा दर त्याच वर्षी १ फेब्रुवारीपासून २०.६६ रुपये झाला आहे. दोन्हींचा पाया एवढा जवळ आला, हे मला चांगलं वाटतं. आता स्पर्धा सेवेवर होऊ शकेल.

पण कमाल मर्यादेनं निम्माच प्रश्न सुटतो. सर्जचं सगळं समर्थन एका गृहीतकावर उभं आहे: जास्तीचे पैसे चालकाला दिसतात आणि मिळतात, म्हणून तो येतो. हल्ली ॲप प्रवाशाला आधीच एक ठोक रक्कम दाखवतं. त्यात सर्ज किती, हे दिसत नाही. चालकाच्या पडद्यावर वेगळाच आकडा असतो. दोन्ही आकडे एकत्र कोणालाच दिसत नाहीत. प्रवासी दीडपट भरत असेल आणि चालकाला नेहमीचंच मिळत असेल, तर चालक वळणारच नाही, टंचाई तशीच राहील आणि वाढलेले पैसे मधेच थांबतील.

म्हणून माझा आग्रह दोन गोष्टींचा. प्रत्येक फेरीच्या बिलावर तीन आकडे छापा: मूळ भाडं, वाढ आणि चालकाला मिळालेली रक्कम. आणि ते बिल प्रवाशाला आणि चालकाला सारखंच दिसू द्या. स्वतःची गाडी चालवणाऱ्याला भाड्याचा किमान ८० टक्के वाटा मिळावा, असं केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सांगतातच. तो मिळतो की नाही, हे दादरला उतरणारा प्रवासीही मग तपासू शकेल. दुसरी गोष्ट काळ्या-पिवळीसाठी: मीटरचा दर इंधनाच्या दराशी जोडून दरवर्षी ठरलेल्या तारखेला तपासा. पावणेसहा वर्षं थिजलेला दर घेऊन कोणताही चालक मिनिटामिनिटाला बदलणाऱ्या दराशी स्पर्धा करू शकणार नाही.

(पुढील भागात : रिक्षाचं परमिट कोणाला मिळतं?)