जठराचे तुकडे

सकाळी ८. काल दुर्बिणीतून काढलेले जठराचे तुकडे टेबलावर येतात, तांदळाच्या दाण्याहून लहान. आधी बाटलीवरची वेळ पाहते. फॉर्मालिनमध्ये ६ ते ७२ तास. त्याहून कमी-जास्त झालं की पुढच्या चाचण्यांचा भरवसा जातो. एका बाटलीत दोनच तुकडे आहेत. कॅन्सर आहे की नाही, एवढं सांगायला पुरतील. औषध कोणतं चालेल हे कळायला ६ ते ८ तरी हवेत.

९.३०. आधीचे तुकडे मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवून झालेत, मायक्रोटोमवर त्यांचे ४ मायक्रॉनचे काप. आमचे तंत्रज्ञ जादा कोऱ्या स्लाइड आत्ताच काढून ठेवतात. ब्लॉक पुन्हा यंत्राला लावला की पृष्ठभाग सपाट करण्यातच तुकडा खर्ची पडतो.

११. हर-टू या पेशीवरच्या प्रथिनासाठी काल रंगवलेल्या स्लाइड. माझा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि जावाच. स्तनाच्या कॅन्सरमध्ये पेशीभोवती पूर्ण तपकिरी कडं शोधायचं असतं. जठरात रंग पुष्कळदा फक्त बाजूंना आणि तळाला चढतो. स्तनाचे निकष इथे लावले, तर पॉझिटिव्ह पेशंट निगेटिव्ह ठरतो. शिवाय गाठीच्या एका कोपऱ्यात हर-टू भरपूर, शेजारी काहीच नाही. बायोप्सीत पाच पेशींचा एकच पुंजका गडद रंगला, तरी ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. आज एक स्लाइड २+ आहे, म्हणजे अनिश्चित, म्हणून जनुकाच्या प्रती मोजणारी फिश चाचणी. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या टोगा अभ्यासात हर-टू पॉझिटिव्ह पेशंटना केमोसोबत हर-टूवरचं औषध ट्रॅस्टुझुमॅब दिल्यावर जगण्याच्या कालावधीचा मध्यक ११.१ वरून १३.८ महिन्यांवर गेला. हे महिने त्या पुंजक्यावर अवलंबून असतात.

२. एका पेशंटचा मुलगा दारात. "मॅडम, बाबांचं सीईए नॉर्मल आहे, मग कॅन्सर कसा?" "दादा, सुरुवातीला ते बहुतेकदा नॉर्मलच असतं. रक्ताची ती तपासणी उपचारानंतर लक्ष ठेवायला कामाची. निदान तुकड्यावरच होतं."

४. ट्यूमर बोर्ड, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांची एकत्र बैठक. एका गाठीत एमएलएच१ आणि पीएमएस२ ही डीएनए दुरुस्त करणारी दोन्ही प्रथिनं गायब. इम्युनोथेरपीचा विचार होतो. दुसऱ्या पेशंटसाठी क्लॉडिन १८.२ या प्रथिनाची चाचणी विचारतात. त्यावरचं औषध २०२४ मध्ये आधी जपानमध्ये मंजूर झालं. चाचणीला कोऱ्या स्लाइड लागतील, त्या सकाळीच काढलेल्या आहेत.

६. ब्लॉक क्रमांकाने कपाटात. पेशंटना माझं सांगणं एवढंच: दुसऱ्या हॉस्पिटलात जाताना फक्त रिपोर्टची झेरॉक्स नेऊ नका. ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या. आणि शौचाला डांबरासारखी काळी होत असेल, वजन उतरत असेल, तर अॅसिडिटीच्या गोळ्यांवर महिने काढू नका, दुर्बीण तपासणी करून घ्या.