एक दस्तरखान, तीन वेळा

पहाटे सहरीला एकाच दस्तरखानवर बसलेल्या तिघांचे फोन तीन वेगळ्या वेळा दाखवतात, हे चित्र आता अनेक घरांत दिसते. एका फोनवर फजरची अजान सुरू झालेली असते, दुसऱ्यावर अजून बारा मिनिटे शिल्लक असतात. आजी भिंतीवरच्या मशिदीच्या वेळापत्रकाकडे पाहून पाण्याचा पेला खाली ठेवते. नातू म्हणतो, ‘‘दादी, ॲपमध्ये अजून टाइम आहे!’’ सहरीची वेळ संपल्यावर घोटभर पाणी प्यायले तरी त्या दिवसाच्या रोजाचा प्रश्न उभा राहतो. त्यामुळे हा वाद वाटतो तेवढा किरकोळ नाही.

रमजान जवळ आला की प्ले स्टोअरवर नमाजच्या वेळा सांगणारी ॲप्स धडाधड उतरवली जातात. सगळ्यात वर दिसेल ते, किंवा ज्याला जास्त तारे आहेत ते. तारे पाहून ॲप लोकांना आवडले एवढे कळते. त्यातली वेळ आपल्या गावाची आहे की नाही, हे कळत नाही.

घोळ होतो तो हिशेबाच्या पद्धतीत. पहाटे सूर्य क्षितिजाखाली किती अंशांवर असताना फजर सुरू झाली असे मानायचे, याचे आकडे वेगवेगळे आहेत. आपल्याकडे सहसा चालणारी कराची पद्धत १८ अंश धरते. उत्तर अमेरिकेतील ‘इस्ना’ची पद्धत १५ अंश. तीन अंशांचा हा फरक महाराष्ट्रात १२-१३ मिनिटांचा होतो. ॲपमध्ये आधीपासून ‘इस्ना’ निवडलेले असेल, तर नातवाची ती ‘अजून बारा मिनिटे’ तिथून आलेली असतात. शिया जाफरी पद्धत निवडली गेली, तर इफ्तारची वेळही पुढे सरकते. असरचे आणखी वेगळे. भारतातील बहुसंख्य सुन्नी हनफी आहेत, तर कोकणी मुस्लिम शाफई. दोन्हींच्या असरच्या वेळेत पाऊण ते एक तासाचे अंतर पडते. रत्नागिरीची सून नागपूरची असेल, तर घरात दोन सेटिंग्ज आलीच!

गाव चुकले तर गोंधळ याहून मोठा. नागपुरात सूर्य मुंबईपेक्षा सुमारे २५ मिनिटे आधी मावळतो. संकष्टीला चंद्रोदयाची वेळ गावागावांप्रमाणे पाहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

ॲप मात्र गाव ओळखण्यासाठी लोकेशन मागते आणि घाईत ‘अलाऊ’ दाबले जाते. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकी संकेतस्थळाने छापले, की ९ कोटी ८० लाखांहून अधिक वेळा उतरवल्या गेलेल्या ‘मुस्लिम प्रो’ ॲपकडून लोकेशनची माहिती ‘एक्स-मोड’ या कंपनीकडे जात होती आणि त्या कंपनीच्या ग्राहकांत अमेरिकी लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. बातमीनंतर ‘मुस्लिम प्रो’ने तो व्यवहार बंद केल्याचे जाहीर केले. नमाजची वेळ पाहणाऱ्याने असे काही होईल याची कल्पना तरी कशी करावी? खरे तर वेळ काढायला गावाचे नाव पुरते. बहुतेक ॲप्समध्ये ते हाताने निवडता येते. लोकेशन द्यायचेच असेल, तर अँड्रॉइड १२ पासून ‘अंदाजे’ लोकेशन देण्याची सोय आहे. सूर्य कधी मावळतो हे सांगण्यासाठी आपली गल्ली कळण्याची गरज नाही.

त्यानंतर येतो ॲपच्या आतला बाजार. अजानचे निरनिराळे आवाज, कारींचे पठण, कुरआनचे अनुवाद. यातले बरेच फुकट असते, काहींना पैसे पडतात. ‘सात दिवस मोफत’ची पाटी दिसली की जपून. आठव्या दिवशी खात्यातून पैसे जातात आणि ॲप काढून टाकले तरी वर्गणी बंद होत नाही. ती प्ले स्टोअरच्या ‘सबस्क्रिप्शन’मध्ये जाऊन वेगळी रद्द करावी लागते. मुलांच्या हाती फोन देणाऱ्या घरांनी हे आधीच तपासलेले बरे.

ॲप उतरवल्यावर पहिल्याच संध्याकाळी पाच मिनिटे काढावीत. गाव, पद्धत आणि हनफी की शाफई ते निवडावे. मग फजर आणि मगरिब या दोन वेळा मशिदीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहाव्यात. छापील वेळापत्रकात खबरदारीची दोन-तीन मिनिटे धरलेली असू शकतात, तेवढा फरक चालायचाच. दहा-बारा मिनिटांचा निघाला, तर पुन्हा सेटिंग्जमध्ये जावे, आणि तोवर सहरी आजीच्या वेळापत्रकानेच आटोपावी.